लाल साडीची आठवी पट्टी

कारखान्याच्या धुराड्यातून पहिला धूर निघाला की आमच्या गावातली माणसं खूश होतात. मी पदर नाकाला लावते. बॉयलर पेटला म्हणजे हंगाम आला. आज धूर, उद्या मळीचा वास, गोड आणि कुजका एकदमच. तो वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, दुधाला लागतो, भाकरीच्या पिठालासुद्धा लागतो. त्यात ऑक्टोबरचं ऊन. सोयाबीनची मळणी चाललेली असते, भुसा हवेत तरंगत असतो आणि सगळ्या गावाच्या अंगाला खाज सुटलेली असते.

याच आठवड्यात पोलिसांचं पाकीट येतं. धूर आणि पाकीट बरोबरच यायची आता अकरा वर्षांची सवय झाली आहे. दोन्हींचा मला संशय येतो.

पाकीट घेऊन एक तरुण पोलीस पोरगी येते. यंदाही आली. ओट्यावर बसून पाणी प्यायली आणि वही पुढे केली.

"आज्जी, सही करा."

"कशाची?"

"पाकीट मिळाल्याची."

"आत काय हाय ते बघू दे आधी."

"दरवर्षी तेच असतंय की आज्जी!"

"म्हणूनच बघायचं."

ती हसली. मी चष्मा लावून सगळं वाचलं. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचायला वेळ लागतो, पण एक अक्षर सोडत नाही. कर्तव्य बजावताना मरण आलेल्या पोलिसांचा स्मृतिदिन, सकाळी, कवायतीच्या मैदानावर. वीरपत्नींनी हजर राहावं. माझा नवरा हवालदार होता. ऊसवाहतुकीच्या दिवसांत गावाखालच्या फाट्यावर त्याची ड्युटी असायची. डिसेंबरातल्या एका पहाटे तिथंच तो गेला. त्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही. गाव त्याला हवालदार म्हणायचं, मीही तेच म्हणते.

मैदानावर खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातलेले असतात. गवतावर दव असतं, चपला ओल्या होतात. पोरं रांगेत उभी राहतात, कोणीतरी मोठ्यानं हुकूम सोडतो, मग बंदुका उलट्या होतात आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. बिगूल वाजतो. त्या वर्षी देशभरात गेलेल्यांची नावं वाचतात. यादी लांब असते. पहिल्या वर्षी त्या यादीत हवालदार होता. दुसऱ्याच कोणाचं तरी नाव ऐकावं तसं मी ऐकलं. शेजारच्या बायका रडतात. मी पोरांच्या बुटांकडे बघते. बूट चकचकीत असतात, रात्री जागून घासलेले. ती पोरं खोटं काही करत नाहीत, हे मला कळतं. पण मान देणं हे एक काम आणि शोध घेणं हे दुसरं. पहिलं एका सकाळी उरकतं.

नंतर घरच्या माणसांची ओळख करून देतात. माझ्या वेळी माइकवरून एकच वाक्य येतं. ऊसवाहतूक नियंत्रणाच्या कर्तव्यावर असताना अज्ञात वाहनाच्या धडकेत. शाल अंगावर पडते आणि मी विचार करत राहते, की अज्ञात म्हणजे कोणाला? चालवणाऱ्याला तर माहीत होतंच.

उसाची ट्रॉली मागून कशी दिसते ते ज्याला ठाऊक नाही त्यानं हंगामात आमच्याकडे यावं. खरं तर ती दिसतच नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस, आणि उसाचे शेंडे मागं लोंबलेले. दिवा असला तरी त्यामागं झाकला जातो. सकाळच्या धुक्यात तो सगळा डोंगर रस्त्याच्या मधोमध काळा उभा असतो. मागून येणाऱ्याला कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. अशी बरीच माणसं गेली आमच्या भागात.

यावर हवालदारानं स्वतःचा उपाय काढला होता. लाल फडकी. गावातल्या बायकांकडून जुन्या लाल साड्या मागून आणायचा आणि संध्याकाळी माझ्यापुढं टाकायचा. मी त्या फाडायची. हातभर रुंद, दोन हात लांब. साडी फाडताना टर्रर्र आवाज होतो आणि सुताची धूळ उडते. ती धूळ नाकात गेली की मला शिंका येतात. हा समोर बसून चहा पीत म्हणायचा, "जरा सरळ फाड की. तिरकी फाडलीस की गाठ बसत न्हाई."

"मग तूच फाड."

"माझी ड्युटी बांधायची."

गल्लीतल्या बायका त्याची टिंगल करायच्या. "हवालदार, दोरीवरची माझी साडी गेलीया. तुमच्या ट्रॉलीला न्हाई न्हवं बांधली?" तो म्हणायचा, "काठ कसला हुता सांगा, उद्या शोधून आणतो." पण त्याला कोणी नाही म्हणायचं नाही. एकीनं तर बाळंतविड्यातली कुंची दिली होती, लाल होती म्हणून.

फाट्यावर तो ट्रॉली थांबवायचा. "काय पावणं, मागं काय बांधलंय?" ड्रायव्हर म्हणायचा, दिवा आहे. "दिवा तुला दिसतोय. मागच्याला न्हाई दिसत." मग स्वतः मागं जाऊन उसाच्या टोकाला फडकं बांधायचा. दुहेरी गाठ, वर एक हिसका. हिसका दिल्याशिवाय हात सोडायचा नाही. हे कुठल्या हुकमात नव्हतं. कागदावर त्याला नुसती वाहतूक बघायची होती.

शेवटची साडी माझी होती. मुलीची सोयरीक ठरली तेव्हा नेसलेली, लाल, हिरव्या मोरांच्या काठाची. इस्त्रीखाली जळली, मधोमध पंजाएवढं भोक पडलं. हळहळत बसण्यात अर्थ नव्हता. त्या संध्याकाळी मी ती फाडली. जळका भाग टाकून आठ पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीला काठाचा एक तुकडा, प्रत्येक तुकड्यावर मोर. हवालदारानं त्या घडी करून गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि पहाटे धुक्यात निघून गेला. मी भाकरी थापत होते तेव्हा दूधवाला सांगत आला.

आठ दिवसांनी ठाण्यातून त्याच्या वस्तू आल्या. शिट्टी, बॅटरी, डबा, पट्टा आणि एका पिशवीत माझ्या साडीच्या पट्ट्या. मी मोजल्या. सात होत्या. परत मोजल्या, सातच.

म्हणजे त्या सकाळी त्यानं एकच ट्रॉली थांबवली होती आणि तिला आठवी पट्टी बांधली होती. ती ट्रॉली चालवणाऱ्यानं काहीतरी बघितलं असणार. नाहीतर त्यानंच केलं असणार. हे मी तपासाच्या साहेबांना सांगितलं. ते चांगले होते, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "काकू, लाल फडकी सगळ्याच ट्रॉल्यांना असतात."

"मोराच्या काठाची नसत्यात."

त्यांनी मान हलवली. लिहून काही घेतलं नाही. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते, ते टेबलावर आडवं पडून होतं.

तेव्हापासून हंगाम आला की मी फाट्यावर जाऊन उभी राहायची. ट्रॉल्यांच्या मागच्या बाजू बघायची. लोकांना वाटलं, म्हातारी बिघडली. वाटू दे. गावात जो माझ्याशी बोलायचं टाळायचा त्याचा मला संशय यायचा, आणि जो जास्त गोड बोलायचा त्याचा त्याहून जास्त.

सगळ्यात गोड बोलायचा तानाजी. आमच्याच गल्लीतला, उसाच्या वाहतुकीचा धंदा. तेव्हा चाळिशीचा होता. हवालदार गेला त्या साली त्यानं न सांगता माझं रान नांगरून दिलं. गुऱ्हाळ लागलं की पहिली ढेप माझ्या दारात. स्मृतिदिनाला स्वतःच्या जीपमधून मला मैदानावर न्यायचा आणि मागच्या रांगेत बसून राहायचा. सून सुजाता म्हणायची, "आत्या, असा माणूस आजकाल मिळत न्हाई."

"म्हणूनच तर."

"तुम्हाला कुणाचं चांगलं दिसतच न्हाई बघा."

दिसायचं की. त्याच्या ट्रॉल्यांना अख्ख्या तालुक्यात नसतील एवढे दिवे दिसायचे, कडेला चमकणाऱ्या पट्ट्या दिसायच्या. हाच माणूस पूर्वी एका डोळ्याच्या ट्रॅक्टरनं उसाच्या खेपा करायचा. मी त्याला एकदा विचारलं होतं, त्या सकाळी तू कुठं होतास? म्हणाला, "त्या दिवशी मी मुरगूडच्या रस्त्यानं गेलतो काकी." पटकन म्हणाला. उत्तर आधीपासून तोंडात असावं तसं.

यंदा पंचायतीनं ठरवलं की फाट्याला हवालदाराचं नाव द्यायचं आणि मोठा फलक लावायचा. पुढाकार तानाजीचा. मजकूर लिहिलेला कागद त्यानं सुजाताकडं दिला, काकींना दाखव म्हणून. मी वाचला. शूर होते, कर्तव्यदक्ष होते आणि शेवटी तेच, अज्ञात वाहनाच्या धडकेत. मी कागद घेऊन त्याच्या घरी निघाले. तो शब्द मला फाट्यावर नको होता.

खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. ज्यानं पोट भरतं ते सगळं धुऊन-पुसून मांडतात. तानाजीच्या शेडमध्ये ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पुढं गोणपाटावर कोयते, विळे, कुदळ, पाने, जॅक, ग्रीसचा पंप. सगळ्यांना हळदकुंकू. त्याची बायको उदबत्ती लावत होती. कोयता आणि पाना यांच्या मध्ये एक कापड घडी करून ठेवलं होतं. लाल रंग विटून विटकरी झालेला. वरच्या घडीवर हिरवा मोर.

मी खाली वाकले. गुडघे दुखतात, तरी वाकले. मोराची चोच मला ओळखता येते, ती साडी मी स्वतः घेतली होती.

"ही कुठली गं?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"ती व्हय काकी? ती ह्यांची. दरसाल पुजत्यात. हिच्यामुळं ट्रॅक्टर वाचला म्हणत्यात." बिचारी सरळ सांगून गेली. तिला काही ठाऊक नव्हतं.

तानाजी मागून नारळ घेऊन आला. मला बघितलं, मी काय बघतेय ते बघितलं आणि नारळ हातात धरून तसाच उभा राहिला.

"बस," मी म्हटलं.

"काकी, पूजा हुं दे—"

"बस म्हटलं न्हवं."

तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. बायको एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी पाटावर बसले. त्यानं सांगितलं ते असं.

धुकं होतं. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, खिशात लायसन नव्हतं. हवालदारानं थांबवलं, शिव्या दिल्या, फडकं बांधलं, हिसका दिला. म्हणाला, जा आता. तानाजीनं गियर टाकला. तेवढ्यात मागून रिकामा ट्रक जोरात आला. अगदी जवळ आल्यावर त्याला लाल फडकं दिसलं असणार, कारण त्यानं एकदम कडेला कापलं. ट्रॉली वाचली. कडेनं हवालदार आपल्या गाडीकडं चालत चालला होता.

"तू खाली उतरलास?"

"न्हाई."

"का?"

"म्हटलं, माझ्यावरच येतंय सगळं. दिवा न्हाई, लायसन न्हाई. लई भ्यालतो काकी."

"जित्ता हुता?"

उदबत्तीची राख गोणपाटावर पडली.

"तानाजी, जित्ता हुता का तो?"

"आरशात बघितलं मी," तो म्हणाला. "हात हलल्यागत वाटला. मग धुकं आलं मधी."

त्याची बायको तोंडावर पदर घेऊन खाली बसली. मी रडले नाही. मला त्या वेळी सुचलं ते एवढंच, की भाकरी थापत होते तेव्हा तो हात हलत होता.

"ट्रक हुताच कशावरनं? तुझीच मागची ट्रॉली अंगावर गेली नसंल कशावरनं?"

"आईच्यान काकी—"

"आईला मधी आणू नकोस."

तो ढसाढसा रडला. चांगला पन्नाशीचा माणूस. मला दया आली नाही आणि राग जेवढा यायला पाहिजे तेवढाही आला नाही. ट्रक होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. अकरा वर्षं एक खोटं सांभाळणारा माणूस दुसरंही सांभाळू शकतो. पण ज्यानं फेकून द्यायची ती पट्टी दरसाल हळदकुंकू लावून पुजली, त्याला ती फेकवत नव्हती, हे तर खरं होतं. मी ती उचलली नाही. मी उचलली असती तर तो सुटला असता.

"स्मृतिदिनाला यायचं," मी म्हटलं. "मागच्या रांगेत न्हाई, माझ्या शेजारी. बिगूल झाला की साहेबाम्होरं जाऊन हे सगळं सांगायचं."

"पोरीचं लगीन ठरालंय काकी. गावात तोंड कसं दाखवू?"

"हवालदाराची पोरगी पण त्या साली लग्नाचीच हुती."

एवढं बोलून मी उठले. फलकाचा कागद तिथंच गोणपाटावर राहिला.

त्यानंतरचे दिवस मी शांत झोपले असं लिहिलं तर खोटं होईल. रोज वाटायचं, हा पळून जाणार. नाहीतर वकील घालणार. स्मृतिदिनाच्या सकाळी साडेसहाला जीप यायची ती आली नाही. मी शाल घेऊन ओट्यावर बसले. सुजाता म्हणाली, "आत्या, आता कशाचा येतोय तो. मी रिक्षा बघू का?" सात वाजले. मी उठून चपला घातल्या, तर तो चालत आला, पांढरा सदरा घालून. म्हणाला, जीप धाकट्या भावानं नेली. घरात भांडण झालेलं दिसत होतं, गालावर ओरखडा होता. मी विचारलं नाही. एसटीनं गेलो.

बिगूल वाजला तेव्हा यंदा मी पोरांच्या बुटांकडे बघितलं नाही. शेजारी बघितलं. तानाजीच्या पायाची बोटं चपलेत आखडली होती. यादी संपली, शाल झाली, माइकवर अज्ञात वाहन झालं. चहाच्या मंडपात मी त्याचा दंड धरला आणि साहेबांपुढं नेऊन उभा केला. मला वाटलं होतं, इथं त्याची जीभ वळायची नाही.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी मी हुतो तिथं."

साहेब तरुण होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कागद मागवला. या वेळी पेन चाललं. तीन पानं झाली. मी तिन्ही वाचून बघितली, अर्धा तास लागला, कोणी घाई केली नाही. शेवटी साहेब मला म्हणाले, "आजी, आता काय करता येतंय ते बघतो." बघतो म्हणजे काय ते मला कळतं. तरीही एवढं झालं, की कागदावर निदान एक जण अज्ञात राहिला नाही.

फलक लागला. त्यात शूर नाही, कर्तव्यदक्ष नाही. सरपंच म्हणाले, असं कुठं लिहितात काय? मी म्हटलं, इथं लिहायचं. हवालदाराचं नाव, त्याखाली, या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला लाल फडकं बांधून परत येताना मारले गेले. त्याखाली, ती ट्रॉली तानाजीची होती, तो थांबला नाही. पेंटरनं ही शेवटची ओळ बारीक अक्षरात काढली होती. कोणी सांगून काढली ते मला माहीत नाही. मी त्याला परत बोलावला आणि वरच्या ओळीएवढी करून घेतली. शिडी तानाजीनं धरली होती.

आता हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले. मळीचा वास घरात शिरला आहे. सकाळी धुकं पडायला लागलं आहे. ट्रंकेतल्या सात पट्ट्या मी काढल्या आणि तानाजीला दिल्या. पहिल्याच सकाळी संपल्या. आता संध्याकाळी पुन्हा साड्या फाडते, शिंका येतात. गल्लीतल्या बायका आणून टाकतात, चेष्टा मात्र कोणी करत नाही. तो उजाडायच्या आधी फाट्यावर जातो आणि शाळेची घंटा होईपर्यंत ट्रॉल्या थांबवून फडकी बांधतो. काही ड्रायव्हर फलक वाचून त्याच्या तोंडाकडे बघतात. तो खाली मान घालून बांधत राहतो. आठवी पट्टी त्याच्याकडेच आहे. मी मागितली नाही.

चार दिवस करेल आणि कंटाळेल, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणून ऊन वर आलं की मी काठी घेऊन फाट्यावर जाते, उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या मागं जाते आणि गाठ धरून हिसका देते. दुहेरी असते. आजपर्यंत एकही सुटली नाही.

हंगाम मार्चपर्यंत आहे.